टर्नटेबल : पट्टा चालन व प्रत्यक्ष चालन

ध्वनिमुद्रिका ठराविक वेगाने फिरविणाऱ्या यंत्रणेस टर्नटेबल म्हणतात. विद्युत् चलित्राची गती थाळीला देण्याच्या तिच्या पद्धतींपैकी पट्टा चालन व प्रत्यक्ष चालन या दोन विशेष प्रचारात आहेत. गतीत चढउतार झाल्यास स्वर हलतो व चलित्राचे कंप सुईपर्यंत गेल्यास घरघर ऐकू येते. हे दोन दोष टाळण्यासाठीच या पद्धती विकसित झाल्या.

एमिल बर्लिनर यांचे प्रारंभीचे ग्रामोफोन हाताने फिरवीत. पुढे किल्लीची स्प्रिंग व नंतर विद्युत् चलित्र वापरात आले. १९४८ मध्ये मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी, सूक्ष्म खाचांची दीर्घवादन ध्वनिमुद्रिका निघाल्यावर यंत्रातील दोष अधिक जाणवू लागले. त्या काळच्या अनेक यंत्रांत चलित्राची गती रबरी कडेच्या चाकामार्फत थाळीस मिळे. इंग्लंडमधील ‘गॅरर्ड ३०१’ (१९५४) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. या चाकामुळे थाळीस भरपूर जोर मिळे. परंतु कंपही तिच्यापर्यंत पोहोचत.

अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९६१ मध्ये सादर केलेल्या टर्नटेबलात थाळी रबरी पट्ट्याने फिरविली जाई. थाळी व सुईचा दांडा एकाच चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर टांगलेली असल्याने चलित्राचे कंप व बाहेरचे हादरे दोन्ही अडत. मात्र अशा यंत्रात थाळीला वेग घेण्यास वेळ लागतो आणि कालांतराने पट्टा सैल होतो.

जपानमधील मात्सुशिता कंपनीचे अभियंते शूइची ओबाता यांनी उलट मार्ग धरला. ‘टेक्निक्स एसपी-१०’ (१९७०) मध्ये चलित्राच्या आसावरच थाळी बसविली होती. चलित्र थाळीइतकेच संथ फिरत असल्याने त्याच्या कंपांची कंप्रता अत्यल्प राहते. परंतु चुंबकीय ध्रुवांमुळे गतीत सूक्ष्म झटके येण्याचा संभव असतो. इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाने ते कमी करतात. १९७९ च्या ‘एसएल-१२०० एमके२’ मध्ये वेगनियंत्रणासाठी क्वॉर्ट्‌झ स्फटिक वापरला गेला.

ही थाळी हाताने थोपवून सोडताच पूर्ववत् वेग घेई. न्यूयॉर्कमध्ये १९७० नंतरच्या दशकात उदयास आलेल्या हिप-हॉप वादकांनी मुद्रिका मागेपुढे फिरवून टर्नटेबलाचेच वाद्य केले. त्यांना हा गुण मोलाचा ठरला. ‘एसएल-१२००’ चे उत्पादन २०१० मध्ये थांबले व २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले.

घरगुती श्रवणासाठी मात्र कोणतीही एक पद्धत स्वभावतःच श्रेष्ठ ठरत नाही. आसाची अचूकता, थाळीचे वजन व कंपरोधक बांधणी यांवरच अंतिम गुणवत्ता मुख्यतः अवलंबून असते.