एका चौकाची दोन स्मरणे

आपल्या कितीतरी घरांत वेदीवर मुकुटधारी बाळ येशूची तसबीर असते. नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आपली कुटुंबे दर फेब्रुवारीत श्रद्धेने जातात. या भक्तीचे मूळ नगर प्राग; आज ते चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे. पोलिक्सेना लॉबकोविट्झ या उमराव स्त्रीने १६२८ साली तेथील कार्मेलाईट मठाला ही लहानशी मूर्ती अर्पण केली. ती ज्या मंदिरात आहे, त्याचे नाव ‘विजयी मरिया’. जर्मन ल्युथरनांनी बांधलेले ते मंदिर एका लढाईनंतर कार्मेलाईटांच्या हाती आले आणि त्या लढाईच्या स्मरणार्थ त्याला हे नाव मिळाले. हा विजय कोणाचा आणि कोणावर? व्हल्टावा नदी ओलांडून ‘जुन्या नगराच्या चौका’त गेल्यावर याचे उत्तर मिळते.

हा चौक मुळात मध्ययुगीन बाजारपेठ. येथील नगरभवनाची स्थापना १३३८ सालची, तर त्याच्या भिंतीवरील खगोलीय घड्याळ १४१० सालचे. तासातासाला वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती सरकतात आणि खाली एक सांगाडा घंटा वाजवून माणसाच्या मर्त्यतेची आठवण देतो. पर्यटक हे पाहून पुढे जातात. चौकाची खरी कहाणी मात्र आजूबाजूच्या दगडांत आहे.

समोर त्यीनच्या मरिया मंदिराचे जुळे मनोरे उभे आहेत. सुमारे दोन शतके हे मंदिर यान हुस यांच्या अनुयायांचे प्रमुख मंदिर होते. हुस हे धर्मगुरू आणि प्राग विद्यापीठाचे कुलगुरू. १४०२ पासून ते बेथलेहेम मंदिरात लोकांच्या चेक भाषेत प्रवचने देत आणि धर्माधिकाऱ्यांच्या धनलोभावर कोरडे ओढीत. सुरक्षिततेचे आश्वासन मिळाल्यावर ते कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेपुढे गेले. तेथे ६ जुलै १४१५ रोजी त्यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या अनुयायांनी प्रापंचिकांनाही ख्रिस्तरक्ताचा चषक मिळावा असा आग्रह धरला. चषक हेच त्यांचे निशाण झाले आणि त्यीन मंदिराच्या दर्शनी भागावर सोन्याचा चषक झळकू लागला.

८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या ‘पांढऱ्या डोंगरा’वर कॅथलिक सम्राट दुसरा फर्डिनांड याच्या सैन्याने बंडखोर प्रॉटेस्टंट सरदारांचा पराभव केला. हाच तो ‘विजय’. पुढे २१ जून १६२१ रोजी या चौकात सत्तावीस जणांना देहदंड देण्यात आला. त्यांत तीन उमराव, सात सरदार आणि सतरा नागरिक होते. विद्यापीठाचे कुलगुरू आणि नामांकित वैद्य यान येसेनियस यांची शिरच्छेदापूर्वी जीभ छाटली गेली. मृतांत डिविश चेर्निन हा कॅथलिकही होता. आरोप राजद्रोहाचा होता, हे खरे. परंतु बारा मस्तके पुलाच्या मनोऱ्यावर दहा वर्षे टांगून ठेवण्याला न्याय म्हणता येत नाही. आज नगरभवनाशेजारच्या फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस बसविलेले आहेत.

त्यीन मंदिरावरचा चषक उतरविण्यात आला. तो वितळवून त्याच्या सोन्यातून पवित्र मरियेच्या मूर्तीमागील प्रभावलय घडविले गेले. मरियाभक्त म्हणून हे वाचताना माझे मन थबकते. आपल्या मातेला दुसऱ्याच्या घरातून ओरबाडलेला दागिना आवडला असेल काय?

१६५० साली चौकाच्या मध्यभागी मरियास्तंभ उभा राहिला. शिल्पकार होता यान यिर्शी बेंडल. १६४८ साली स्वीडिश सैन्याच्या वेढ्यातून नगर बचावले, त्याबद्दलची ही कृतज्ञता होती. मध्यान्ही त्याची सावली ठरावीक रेषेवर पडे आणि प्रागकर त्यावरून बारा वाजल्याचे ओळखीत. परंतु तो सम्राटाने उभारला होता, म्हणून कालांतराने लोकांना त्यात पांढऱ्या डोंगराचा विजयच दिसू लागला. १९१५ साली हुस यांच्या हौतात्म्याला पाचशे वर्षे झाली, तेव्हा शिल्पकार लादिस्लाव शालौन यांनी घडविलेले हुसस्मारक जवळच उभे राहिले. तीन वर्षे दोन्ही स्मरणे शेजारी नांदली. चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाल्यावर सहाव्याच दिवशी, ३ नोव्हेंबर १९१८ रोजी, जमावाने दोर लावून मरियास्तंभ खाली खेचला. अपमानाची परतफेड अपमानाने झाली.

मंदिरांचीही अदलाबदल झाली आहे. हुसपंथीयांचे त्यीन मंदिर कॅथलिकांकडे आहे, तर चौकातील संत निकोलसचे मंदिर, जे अठराव्या शतकात कॅथलिकांनी बांधले, ते १९२० पासून चेकोस्लोव्हाक हुसाईट चर्चकडे आहे. त्यानंतर चौकाने मे १९४५ मध्ये नगरभवनाची एक बाजू आगीत जळताना पाहिली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये किन्स्की प्रासादाच्या सज्जातून साम्यवादी नेता गोटवाल्ड याचे भाषण ऐकले. पुढची चार दशके दोन्ही पंथांच्या श्रद्धावंतांना एकाच जुलमाखाली काढावी लागली.

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना हुस हे नाव मला पाखंडमतवाद्यांच्या यादीत भेटले होते. डिसेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल तीव्र खेद व्यक्त केला, तेव्हा ती यादी मला पुन्हा वाचावी लागली. हुस लोकभाषेत बोलले; आज आपली मिस्सा मराठीत होते. प्रापंचिकांना चषकातून ख्रिस्तरक्त देण्याची वाट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मोकळी केली. सिद्धांतातील मतभेद उरले आहेत. परंतु ज्याच्याशी मतभेद आहे, त्याला जाळण्याचा अधिकार आपल्याला कधीच नव्हता.

जून २०२० मध्ये शिल्पकार पेत्र वान्या यांनी नव्याने घडविलेला मरियास्तंभ मूळ जागी उभा राहिला. अनेकांनी विरोध केला. त्यांना त्यात जुन्या विजयाची सावली दिसली. त्यांची भीती आपण समजून घेतली पाहिजे. आज त्या चौकात मरियामाता आहे, हुस आहेत आणि पायांखाली सत्तावीस क्रूसही आहेत. यांपैकी एकाचेही स्मरण पुसून दुसऱ्याचे मोठे होत नाही, हे त्या नगराला चारशे वर्षांनी उमगले.

वाचकहो, बाळ येशूच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावताना त्या सत्तावीस जणांसाठीही एक प्रार्थना करू या. आशीर्वादासाठी उंचावलेला तो चिमुकला हात विजयी आणि पराजित असा भेद करीत नाही.