किल्ल्यांची पुस्तके आणि वाटेची चार वाक्ये

पायी भटकणाऱ्या मराठी माणसाच्या हाती जे मार्गदर्शक पुस्तक पडते ते बहुधा किल्ल्यांचे असते. माळ, ओढा, बांधावरची वाट, दोन गावांमधली खिंड यांच्यासाठी पुस्तक लिहावे असे आपल्याकडे फारसे कुणाला वाटले नाही. डोंगराला तट असेल, निदान तटाचे चार दगड असतील, तरच तो पुस्तकात शिरतो. ही सवय कुठून आली हे शोधू गेल्यास आपण एका सरकारी ग्रंथापाशी येऊन थांबतो. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतील साताऱ्याचा खंड १८८५ साली प्रसिद्ध झाला, तो हा ग्रंथ.

त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्याहून विस्तृत होता. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच मोडत. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे प्रतापगड आणि वाळव्याचा मच्छिंद्रगड एकाच जिल्ह्याच्या खंडात येतात. माहिती जिल्ह्याजिल्ह्यातील अधिकाऱ्यांकडून मागवलेली, आणि किल्ल्यांच्या बाबतीत या मालेला १८६२ च्या सरकारी यादीचा आधार. त्या यादीची दृष्टी सरळ होती : तट शाबूत आहे काय, पाणी आहे काय, दाणागोटा मिळेल काय. सत्तावनच्या उठावाला तेव्हा पुरती पाच वर्षेही झाली नव्हती हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नांचे नवल वाटत नाही. उंची, तालुक्याच्या गावापासूनचे अंतर, चढ, दरवाजे, टाकी आणि शेवटी इतिहास, असा नोंदीचा साचा यातून घडला.

आम्हाला आश्चर्य वाटते ते या साच्याच्या दीर्घायुष्याचे. चिं. गं. गोगटे यांच्या 'महाराष्ट्र देशांतील किल्ले'पासून आजवर किल्ल्यांवरची मराठी पुस्तके निघत राहिली. गो. नी. दांडेकरांनी त्या कोरड्या नोंदीत जीव ओतला, प्र. के. घाणेकर वनस्पतिशास्त्राचे, म्हणून त्यांच्या लेखनात कातळाबरोबर झाडेही आली. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'ने नकाशाला महत्त्व दिले. तरी नोंदीचा सांगाडा पुष्कळदा तोच राहिला. इतिहासाचा भाग तर अनेक किरकोळ पुस्तकांतून गॅझेटिअरमधून जसाच्या तसा उतरतो, चुकांसकट. (विद्यार्थ्यांनी एखाद्याच किल्ल्याची पाच वर्णने शेजारी ठेवून पाहावीत, पाठभेदांचा चांगला धडा मिळेल.)

लेखकाचे स्वतःचे असे जे असते ते वाटेचे वर्णन. बहुधा चारच वाक्ये : अमुक वाडीतून निघावे, ओढा डाव्या हाताला ठेवावा, खिंडीत सरळ न जाता उजवीकडे वळावे. ही वाक्ये कोणत्याही दफ्तरातून मिळत नाहीत. ती एखाद्या गुराख्याच्या किंवा धनगराच्या मागे चालत गेल्यावर मिळतात, आणि छापून येतात तेव्हा त्या वाटाड्याचे नाव क्वचितच असते. दुर्दैवाने सर्वांत आधी शिळी होतात तीही हीच वाक्ये.

वासोट्याचे उदाहरण घ्या. १८१८ च्या वेढ्याची हकीकत, जुन्या वासोट्यावर चढवलेल्या तोफा, त्याआधीची ताई तेलिणीची झुंज, हा मजकूर शंभर वर्षांत बदलला नाही. बदलण्याचे कारणही नव्हते. परंतु साताऱ्याहून वासोट्याला जायचे तर कोयनेच्या खोऱ्यात उतरून पलीकडे जावे लागे, आणि ते खोरे धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेले. बामणोलीहून होडीने जाऊन पलीकडे मेट इंदवलीला उतरायचे, ही आजची वाट त्यानंतरची. 'मेट' म्हणजे किल्ल्याच्या घेऱ्यातली चौकी. ती राखणाऱ्यांची वस्ती त्या नावाने ओळखली जाई. त्या खोऱ्यातली गावेच्या गावे उठली, १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. ज्यांच्या पायांनी वाटा पडल्या होत्या ते पुनर्वसनाच्या वसाहतींत गेले. वाट दाखवणारा उरला नाही तिथे जुन्या आवृत्तीतले ते एक वाक्य हाच त्या वाटेचा लेखी पुरावा ठरतो. नव्या आवृत्तीचा संपादक मात्र ते निरुपयोगी म्हणून गाळतो, आणि प्रवाशाच्या दृष्टीने त्याचे बरोबरही असते.

इंग्लंडात वेनराइटने लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर १९५५ ते १९६६ या काळात सात पुस्तके स्वतःच्या हस्ताक्षरात सिद्ध केली. त्यांची सुधारित आवृत्ती दुसऱ्या हाताने २००५ पासून निघू लागली. तिथे पायवाटांची नोंद ठेवण्याचे बंधन १९४९ च्या कायद्याने घातलेले, म्हणून पुस्तक जुने झाले तरी वाट कागदावर उरते. आपल्याकडे पुष्कळ वाटा कुठल्याच कागदावर नसतात, आणि पाय थांबले की दोन पावसाळ्यांत कारवी त्या गिळून टाकते.

सांगलीच्या वाट्याला तर या पुस्तकांत पानेच थोडी. मच्छिंद्रगड, खानापूर तालुक्यातला भूपाळगड, की पुढचा जिल्हा. दंडोबाचा डोंगर किंवा सागरेश्वरचे राखलेले रान चालणाऱ्याला कमी आनंद देते असे नाही, पण त्यांना तट नाही. आणि प्रचितगडासारखा जो खरा दुर्गम किल्ला सांगली-रत्नागिरीच्या सीमेवर उभा आहे, त्याच्याकडे घाटमाथ्यावरून जाणारी वाट चांदोलीच्या जंगलातून जाते. तिथे वन खात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. म्हणून पुस्तके वाचकाला आधी कोकणात उतरवून संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरला नेतात, आणि तिथून वर चढवतात.