रताळ्याचे तोंडीलावणे आणि न लिहिलेली वही

आमच्या घरी मटणाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी असली की ताटाच्या कडेला रताळ्याचे एक तोंडीलावणे हमखास असे. रताळी चुलीतल्या गरम राखेत अर्धी भाजायची, साल काढून जाड काप करायचे, तव्यावर तुपात परतायचे आणि वरून गूळ, भरडलेले मिरे, बडीशेप, चिमटीभर मीठ घालायचे. उतरवताना लिंबू पिळायचे. तिखट रश्श्यापुढे ही गोड-आंबट फोड जिभेला विसावा देई. दादीला ही कृती तिच्या सासूने दिली, सासूला कोणी दिली हे दादीला ठाऊक नव्हते. माप विचारले तर ती म्हणे, ‘‘अंदाजसे डालने का बेटा, हातकू मालूम रहता.’’

हाताला माहीत असलेले हे ज्ञान हात थांबल्यावर कुठे जाते, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. इतिहास म्हटला की आपल्याला बादशहा, किल्ले आणि फर्माने आठवतात. चुलीपुढे बसलेल्या बाईचा इतिहास कोणत्याच दफ्तरात सापडत नाही. म्हणून या वेळी रताळ्याच्याच मागे मागे जाऊन पाहावे असे आम्ही ठरवले.

रताळे मूळचे इथले नाही. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. कॅरिबियन बेटांवरचे टायनो लोक त्याला ‘बटाटा’ म्हणत. कोलंबसानंतर ते स्पेनला पोचले आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून १६व्या शतकात आशियाच्या किनाऱ्यांवर उतरले. पुढे पोर्तुगीज भाषेतला तोच ‘बटाटा’ मराठीत आला, पण तोवर त्याचा अर्थ पालटला होता. म्हणजे आज आपण बटाट्याला ज्या नावाने हाक मारतो ते मूळ रताळ्याचे नाव! मग रताळ्याला नाव कुठून मिळाले? संस्कृतात ‘रक्तालु’ हा एक तांबूस-जांभळा देशी कंद आहे. गुजरातेत आजही ‘रताळू’ म्हटले की उंधियूतले जांभळे कोनफळच समोर येते. मराठीत मात्र परदेशी पाहुण्याने ते नाव घेतले आणि तो घरचाच झाला. उर्दूने त्याच्या गोडीकडे पाहून त्याला ‘शकरकंद’ म्हटले.

१७व्या शतकाच्या आरंभी इंग्रज वकील सर थॉमस रो याला जहांगिराचा मेहुणा आसफखान याने मेजवानी दिली. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने त्या दस्तरखानाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात उत्तम शिजवलेल्या ‘पोटॅटो’चा उल्लेख येतो. तो कंद म्हणजे रताळेच असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शाही खानसाम्याने ते कसे शिजवले, हे टेरीने सांगितलेले नाही. पदार्थ नोंदला गेला, शिजवणारा हात नोंदला गेला नाही. हे असेच चालत आले आहे.

आणि गंमत पाहा, हाच परदेशी कंद महाराष्ट्रात उपवासाचा झाला. गहू-तांदूळ वर्ज्य आणि सातासमुद्रापलीकडचे रताळे चालते! २०१३ आणि २०१४ साली रमजान आणि आषाढी एकादशी एकाच काळात आल्या होत्या. शेजारच्या माळकरी आजींकडे दादीने शेतातली रताळी पाठवली आणि त्याच टोपलीतली आमच्या इफ्तारीला उकडली गेली. शेजारी उपवास, आमच्याकडे रोजा आणि दोन्ही घरी रताळे. त्याला त्याचा गाव आणि धर्म कोणी विचारला नाही.

परंतु कृती तोंडातोंडी पुढे जाणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर रताळ्याच्या मूळ खंडाकडेच परत जावे लागते. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या माणसांचे मुख्य अन्न ‘याम’ होते. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. ‘खाणे’ या अर्थाच्या पश्चिम आफ्रिकी शब्दातूनच हे नाव आले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत याम मिळेना, रताळी मिळाली. त्या माणसांनी रताळ्यालाच याम म्हटले आणि ती गरम राखेत भाजून खाल्ली. अमेरिकेत आजही रताळ्याला सर्रास ‘याम’ म्हणतात. म्हणजे आपल्याकडे रक्तालूचे जे झाले तेच तिकडे यामचे झाले. घर सुटले तरी माणूस जिभेवरचे नाव सोडत नाही.

त्या गुलामांत मुसलमानही होते. जॉर्जिया राज्यातल्या सपेलो बेटावर बिलाली मुहम्मद नावाचा एक गुलाम होता. त्याने स्वतःच्या हाताने अरबीत लिहिलेले, मालिकी फिक्हवर आधारलेले छोटे हस्तलिखित आजही जतन केलेले आहे. पण त्याच्या घरात दीन टिकला तो केवळ त्या कागदांमुळे नव्हे. त्याची पणती केटी ब्राऊन हिने सांगितलेल्या आठवणी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रम्स अँड शॅडोज’ या पुस्तकात आहेत. तिची आजी, म्हणजे बिलालीची मुलगी मार्गारेट, वर्षातल्या एका ठरलेल्या दिवशी तांदूळ रात्रभर भिजवी, सकाळी कुटून त्यात मध घाली, त्याच्या चपट्या वड्या करी आणि सगळ्या पोरांना बोलावून एकेकाच्या हातावर ठेवी. या वडीला ती ‘सराका’ म्हणे. सराका म्हणजे आपला सदका! भाषा गेली, नाव बदलले, मशीद नव्हती, मुल्ला नव्हता. पण वडी वाटणारी आजी होती. फातिहा झाल्यावर मलिदा घ्यायला हात पुढे करून उभे राहिलेले आपले बालपण इथे कोणाला आठवणार नाही?

अशा कृती कागदावर आल्या तेव्हाही त्या तोंडीच आल्या. अॅबी फिशर ही बाई दक्षिण कॅरोलिनात गुलामीत जन्मली. पुढे ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि लोणची-मुरंब्यांसाठी नावारूपाला आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने कृती तोंडी सांगितल्या, इतरांनी उतरवल्या आणि १८८१ साली तिचे पाकपुस्तक निघाले. त्यातल्या रताळ्याच्या ‘पाय’ची कृती, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भाजायच्या पदार्थाची, आम्ही मुद्दाम पाहिली. दोन पौंड रताळी, पाच अंडी, एका संत्र्याचा रस, सगळे मोजून-मापून. गोडीपाशी आल्यावर मात्र बाई सांगते, आपल्या चवीप्रमाणे! छापखान्यातूनही अंदाज सुटला नाही. आमच्या दादीने ही बाई लगेच ओळखली असती.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाला नवा नाही. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने १९८१ पासून त्याला घरोघरी पोचवले. आपण त्याला शेंगदाण्यासाठी ओळखतो, पण टस्कीगीहून त्याने १८९८ सालीच रताळ्याच्या प्रयोगांवर पत्रिका काढली होती. पुढे रताळी टिकवावीत कशी आणि रांधावीत कशी, हेही त्याने गरीब शेतकऱ्यांसाठी लिहिले. गुलामीत जन्मलेला हा शास्त्रज्ञ स्वयंपाकाच्या कृती लिहिण्यात कमीपणा मानत नव्हता.

या कथेला एक बोचरे वळणही आहे. ‘नेशन ऑफ इस्लाम’चे नेते एलिजा मुहम्मद यांनी १९६७ साली आहारावर पुस्तक काढले आणि अनुयायांना रताळे वर्ज्य सांगितले. गुलामीच्या काळातले अन्न टाकून द्या, अशी त्यामागची भूमिका होती. या संघटनेच्या अनेक समजुती मुख्य प्रवाहातल्या इस्लामला मान्य नव्हत्या, आणि रताळे तर शरीयतने कुठेच हराम केलेले नाही. पण मालकाने लादलेले जिणे नाकारण्याची त्यांची तळमळ आम्हाला समजते. न समजणारी गोष्ट एकच : ज्या रताळ्याने आज्यांनी पोरे जगवली, तेही मालकाचेच कसे ठरले? बायकांनी मात्र यातूनही वाट काढली. रताळ्याच्या ‘पाय’ऐवजी पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचा ‘बीन पाय’ रूढ झाला. रूप तेच, मसाल्याचा वास तोच, आतला गर तेवढा वेगळा. १९७५ साली एलिजा मुहम्मद वारले. त्यांचे पुत्र वारिस दीन मुहम्मद यांनी बहुसंख्य अनुयायांना सुन्नी इस्लामकडे नेले. बीन पाय मात्र तिथल्या मुस्लिम वस्त्यांत राहिला तो आजतागायत.

आता आपल्या घरात येऊ. मराठीत पाकपुस्तकांची परंपरा मोठी आहे. १९७० साली आलेले कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ कित्येक मुलींच्या रुखवतात गेले, आमच्या बहिणींच्याही. पण त्यात आमचे मोहरमचे चोंगे, आमचे खिमे, आमची ही रताळी शोधायची तर पान सापडत नाही. त्याचा दोष ओगलेबाईंना कसा द्यावा? त्यांनी त्यांचे घर लिहिले. आमचे घर आम्ही लिहायला हवे होते. आम्ही साहित्य संमेलनांत अस्मितेवर बोललो, ठराव केले आणि घरी येऊन आयते ताट पुढे ओढले. त्या ताटात काय आहे, हे विचारायची सवड आम्हाला झाली नाही.

दादी गेली. दोन वर्षांनी शारजाहून चुलतबहिणीचा फोन आला : मुले रताळी मागतात, कशी करायची? आम्ही सांगितली तशी तिने केली. गूळ करपला आणि रताळ्याचा लगदा झाला. आम्ही ती पन्नास वर्षे खाल्ली होती, पण एकदाही कोणी करताना पाहिली नव्हती.

मग फुफीकडे गेलो. वही आणि तराजू घेऊन बसलो. ती गूळ घ्यायला लागली की हात धरायचा, तोलायचे, लिहायचे. फुफी वैतागली. ‘‘तोलके पकाये तो क्या पकाये?’’ म्हणाली. तरी लिहून झाले. रताळी अर्धा किलो, गूळ साठ ग्रॅम, तूप दोन चमचे, मिरे आठ. गूळ आच मंद केल्यावरच घालायचा, हेही त्या दिवशी कळले. शारजात रताळी जमली. मिठाचे वजन मात्र तराजूने दाखवले नाही. तिथे वहीत आम्ही लिहून ठेवले आहे : ‘फुफीला विचारणे.’

वाचकहो, तुमच्याही घरात अशी कोणी फुफी, नानी, खाला असेल. पुढच्या रमजानची वाट पाहू नका. वही घेऊन आजच तिच्या चुलीपाशी बसा.