वाणीची मंदता आणि विचाराची मंदता

‘मोटर न्यूरॉन डिसीज’ अर्थात प्रेरक चेतापेशींचा रोग. शार्को यांनी १८६९ पासून पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात त्याचे वर्णन केले. त्यानंतर दीर्घकाळ स्नायू क्षीण झाले तरी बुद्धी अबाधित राहते, असेच मानले जाई. निम्म्याच्या आसपास रुग्णांत बोधात वा वर्तनात काही बदल आढळतो, हे आता मान्य झाले आहे.

परंतु हा बदल मोजावा कसा? १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिनी-मेंटल’ चाचणीत रुग्णास वाक्य लिहावे लागते, कागद दुमडावा लागतो, आकृती काढावी लागते. ज्याचा हातच चालत नाही, त्याच्या बाबतीत ही परीक्षा बुद्धीची की हाताची?

शॅरन अब्राहम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी योजिलेला उपाय भाषाभ्यासकांस उद्बोधक वाटेल. रुग्णाने ठराविक वर्णाने आरंभ होणारे शब्द सांगावयाचे वा लिहावयाचे; मागाहून तेच शब्द नुसते वाचावयाचे वा उतरून काढावयाचे. पहिल्या काळातून दुसरा वजा करून शब्दसंख्येने भागले असता उरतो, तो दर शब्दामागे विचारास लागलेला काळ. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिंबरो चाचणीत हेच तत्त्व आहे. तिच्या १३६ गुणांपैकी १०० गुण या रोगात विशेषेकरून बाधित होणाऱ्या क्षमतांचे आहेत.

अशी चाचणी मराठीत आणावयाची तर रोमन वर्ण आणि देवनागरी अक्षर एक नव्हेत, हे ध्यानी घ्यावे लागेल. ‘स’च्या शब्दांत ‘सुतार’ आणि ‘स्वर’ धरावयाचे की नाहीत, हे आधी ठरविले पाहिजे. अन्यथा लिपीतील भेद रुग्णाच्या बुद्धीचा दोष म्हणून नोंदला जाईल.