पेटी घरची, हंगाम गावचा

बेंगळूरुच्या कोरमंगलात घरामागच्या मोकळ्या जागेत किंवा गच्चीच्या कोपऱ्यात सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवली, की येणारा-जाणारा पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न ठरलेला असतो: मध किती निघतो? याचे उत्तर पेटीत शोधून मिळत नाही. सातेरी माशी चाऱ्यासाठी साधारण किलोमीटरभराच्या टप्प्यात फिरते. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४ हेक्टर भरते. पन्नास बाय ऐंशी फुटांचा ऐसपैस भूखंड धरला, तरी तो या वर्तुळाचा आठ हजारांतला एक हिस्साही होत नाही. म्हणजे घरच्या पेटीतला जवळजवळ सगळा मध रस्त्याच्या, उद्यानाच्या, दवाखान्याच्या आवारातल्या आणि शेजाऱ्यांच्या झाडांवरून आलेला असतो. घरगुती मधमाशीपालन हा खासगी छंद समजला जातो. दक्षिणेतला त्याचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा धंदा दर वेळी सामाईक झाडोऱ्याच्या जोरावर उभा राहिलेला दिसतो. पेटी सुधारण्याचे श्रेय माणसांना मिळाले आणि ते मिळायलाच हवे. पण हंगाम देणाऱ्या झाडांचा हिशेब कोणी मांडला नाही, आणि शहरातल्या मधपाळाला आज नेमका तोच हिशेब करायचा आहे.

पेटीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या लक्षात आले, की दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि भिंतीमध्ये माशीला जाण्यापुरती ठरावीक फट ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत. त्यातून उचलून काढता येणाऱ्या चौकटींची पेटी आली आणि पोळे न मोडता मध काढणे शक्य झाले. भारतात १८८० च्या दशकात बंगालमध्ये हे तंत्र आणायचे प्रयत्न झाले. टपाल-तार खात्यातल्या जॉन डग्लस यांनी १८८४ मध्ये त्यावर पुस्तिकाही लिहिली. पण युरोपीय माशीच्या मापाने केलेली पेटी आपल्या लहान चणीच्या सातेरीला मोठी पडते. एवढी पोकळी भरणे, ऊबदार ठेवणे आणि मेणकिड्यापासून राखणे तिच्या लहान वसाहतीला जमत नाही. हे कोडे तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी सोडवले. १९११ ते १९१७ या काळात त्यांनी सातेरीच्या मापाची छोटी पेटी बनवली आणि आसपासच्या गावकऱ्यांना ती वापरायला शिकवले. खाली पिलाव्याच्या सात चौकटी, वर मधासाठी कमी उंचीच्या सात चौकटी, अशी ही न्यूटन पेटी दक्षिणेत आजही चालते. पुढे १९१७ मध्ये त्रावणकोर आणि १९२५ मध्ये म्हैसूर संस्थानात मधमाशीपालन सुरू झाले. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने कुटीरोद्योग म्हणून त्याची शिफारस केली.

एवढ्यावरून पेटी आली आणि धंदा वाढला, असे कोणी म्हणेल. पण तीच पेटी सगळीकडे सारखी फळली नाही. म्हैसूरशेजारच्या कोडगूत ती भरभरून चालली आणि १९३६ मध्ये विराजपेटला मध व मेण उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. कोडगूत काय वेगळे होते? उन्हाळ्याच्या तोंडाशी पाऊस शिंपून गेला की कॉफीचे मळे एकदम पांढरे होतात. कॉफीवर सावली धरणारे उंच वृक्ष आणि लगतचे रान पुढचे आठवडे भरून काढतात. आपल्याकडे महाबळेश्वरची गोष्ट हीच आहे. तिथला मध जांभूळ, गेळा, हिरडा यांच्यावर चालतो, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलते त्या साली मधपाळांची धांदल उडते. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला, तो या जंगलासकट मिळाला, हे विसरता येत नाही. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रशिक्षणार्थ्यालाही जागा निवडताना आधी फुलोरा पाहावाच लागतो. पेटी कुठेही नेता येते, फुलोरा नेता येत नाही.

मग कोरमंगलात कुठली कॉफी आणि कुठली कारवी? हा आक्षेप रास्त आहे. शेते आणि तळी असलेल्या या गावावर बेंगळूरु विकास प्राधिकरणाने आखलेली आठ ब्लॉकांची वसाहत उभी राहिली. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठीचे क्रीडाग्राम तर तळ्याच्या जागेवरच बांधले गेले. मात्र ही वसाहत भरत होती त्याच सुमाराला शहरात आणखी एक काम चालू होते. वनाधिकारी सेतुराम गोपाळराव नेगिनहाळ यांनी १९८२ पासूनच्या पाचेक वर्षांत बेंगळूरुत सुमारे १५ लाख झाडे लावली. रोपटे जनावरांच्या तोंडी लागू नये म्हणून उंच वाढवूनच रस्त्याकडेला आणायचे आणि घरासमोरच्या रहिवाशाला त्याची राखण सांगायची, अशी त्यांची पद्धत होती. त्याआधी लालबागचे प्रमुख क्रुम्बिगेल यांनी एकामागून एक झाडे फुलत राहतील असा विचार शहराच्या रस्त्यांसाठी रुजवला होता. यांपैकी कोणीही मधमाशीसाठी झाड लावले नाही. सावली हवी होती, शोभा हवी होती. पण करंजाला, ज्याला इथे होंगे म्हणतात त्याला, मार्च-एप्रिलमध्ये फिकट जांभळा मोहोर येतो, तेव्हा हेतू कोणाचा काय होता याने माशीला फरक पडत नाही. करंज, कडुनिंब, जांभूळ आणि पर्जन्यवृक्ष हे शहराचे मधाचे रान आहे. पुरावा हवा असेल तर वर पाहावे. उंच इमारतींच्या सज्जाखाली आग्या माश्यांची हातभर लांबीची पोळी लटकतात. आग्या माशी पाळीव नाही, तिला कोणी साखरेचा पाक देत नाही. फुलोरा आटला की ती मुक्काम हलवते. ती दरसाल परत येते, याचा अर्थ इथे तिला पुरेल एवढा मकरंद आहे.

शहरात बारमाही फुले असतात, मग हंगामाचे एवढे कशाला, असेही म्हटले जाते. पाणी घालून फुलवलेल्या कुंड्यांवर वसाहत जगते. साठा होतो तो एकाच जातीची शेकडो झाडे एका वेळी फुलली तरच. आणि असा जोराचा बहर आला की मधपाळाची खरी परीक्षा सुरू होते. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला जवळजवळ तीन आठवडे लागतात आणि चाऱ्याला जाण्याआधी ती आणखी दोन-तीन आठवडे घरातलीच कामे करते. एप्रिलच्या करंजावर जी माशी जायची, तिचे अंडे फेब्रुवारीतच पडलेले असावे लागते. म्हणून त्या महिन्यात वसाहत अशक्त असेल तर पातळ पाक द्यायचा, आणि मधाची चौकट चढवण्याआधी तो कटाक्षाने थांबवायचा, नाहीतर साखरच मध म्हणून बाटलीत येते. सातही चौकटी माश्यांनी झाकल्या आणि चौकटींच्या वरच्या पट्टीवर ताजे पांढरे मेण दिसू लागले, की वरचा खण द्यायची वेळ झाली. लवकर दिला तर ऊब निसटते. उशीर झाला तर राणीला अंडी घालायला जागा उरत नाही, पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखी राणीघरे लोंबू लागतात, आणि एका सकाळी जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जाते. ऐन बहरात घर फुटले, की त्या सालचा मध गेलाच म्हणायचा. राणीघर आठ-नऊ दिवसांत बंद होते, म्हणून या काळात आठवड्याला एकदा खालचा खण उघडून चौकटीच्या कडा पाहणे टाळता येत नाही. मध काढायचा तो तीन-चतुर्थांश घरांवर मेणाची झाकणे बसल्यावर. कच्चा काढला तर वळवाच्या दमट हवेत तो आंबतो. रिकाम्या केलेल्या चौकटी लगेच परत द्याव्यात, म्हणजे पोळे नव्याने बांधण्याचे माश्यांचे श्रम वाचतात. आणि खालच्या खणातल्या मधाला हात लावू नये. पावसाळ्याचे महिने तोच त्यांची शिदोरी असतो.

एवढी मेहनत सातेरीवर करण्यापेक्षा जास्त मध देणारी युरोपीय माशी का पाळू नये? १९६२ मध्ये ती हिमाचलात नगरोट्याला रुजली आणि उत्तरेत मोहरीच्या शेतांवर तिने मोठा व्यवसाय उभा केला. शिवाय १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने कर्नाटक, केरळ, तमिळनाडूतल्या सातेरीच्या बहुतेक पेट्या ओस पाडल्या. कोडगूची सहकारी परंपराही त्यात खचली. हा आक्षेप टोलवण्याजोगा नाही. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. युरोपीय माशीचे मोठे उत्पन्न एका पिकाकडून दुसऱ्या पिकाकडे पेट्या हलवण्यावर उभे आहे, आणि कोरमंगलातली पेटी हलत नाही. बहर ओसरल्यावर तेवढ्या मोठ्या वसाहतीला महिनोन्‌महिने साखरेवर पोसावे लागते. सातेरी मात्र शहराच्या तुटपुंज्या महिन्यांत पसारा आवरून तग धरते, आणि त्या रोगातून तगलेल्या वसाहतींमधूनच ती पुन्हा वाढली. वर्षाला पाच-सात किलो मध हा तिचा कमीपणा समजू नये. सामाईक झाडोऱ्यावर एका घराचा वाटा असावा तर एवढाच. प्रत्येक गच्चीवर पाच-पाच पेट्या आल्या, तर तोच मकरंद वाटला जाईल, आणि ज्यांना पेटी नाही त्या आग्या, फुलोरी आणि पोयाच्या माश्यांच्या तोंडचा घास आपण काढून घेऊ.

म्हणून पेटीची जोपासना झाडांच्या राखणीपासून वेगळी काढता येत नाही. कर्नाटकात १९७६ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. रस्ता रुंद करायला किंवा पूल बांधायला पन्नासहून अधिक झाडे पाडायची असतील, तर वृक्षाधिकाऱ्याला जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. कोरमंगलाच्या मधपाळांनी दुसरी पेटी विकत घेण्याआधी किलोमीटरभरातले करंज मोजून ठेवावेत, आणि अशी सूचना निघेल तेव्हा लेखी हरकत घ्यावी.