हुकमी पान

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनीला राजगडाचा फाटा फुटतो. इथल्या एखाद्या गटाचा सातबारा महाभूलेख या संकेतस्थळावर पाहायचा, तर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि गट नंबर टाकायचा. बटण दाबेपर्यंत तो उतारा पान म्हणून कुठेच नसतो. नमुना सातातले हक्क आणि नमुना बारातली पिकं नोंदींच्या रूपात साठवलेली असतात. सर्व्हरवरची स्क्रिप्ट त्यातलं हवं तेवढं वेचते, चौकटीत मांडते आणि पान धाडते. फेरफार मंजूर झाला की तोच गट नंबर नव्या नावाचं पान देतो.

अशा पानाला इंग्रजीत ‘डायनॅमिक’ म्हणतात आणि मराठीत ‘गतिमान’. मला हा प्रतिशब्द मुळीच पटत नाही. ग्रीक ‘दुनामिस’ म्हणजे सामर्थ्य. डायनामो आणि डायनामाइट त्याच कुळातले. भौतिकशास्त्रातल्या डायनॅमिक्सला आपण ‘गतिकी’ म्हटलं आणि ती गती इथेही येऊन चिकटली. सातबाऱ्याच्या पानात हलत काहीच नाही.

‘स्क्रिप्ट’ लॅटिन ‘स्क्रिबेरे’ म्हणजे लिहिणे यावरून आला. त्याला ‘संहिता’ म्हटलं की नाटकाची तालीम आठवते. लिहिणाऱ्यासाठी आपल्याकडे फार्सी ‘नवीस’ केव्हाच रुळला आहे: चिटणीस, फडणीस, जमेनीस. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. पत्र लिहायचं राहून गेलेलं, महाराजांनी वाचायला सांगितलं आणि त्यांनी कोऱ्या कागदावरून अख्खं पत्र वाचून दाखवलं. मागणी आधी, मजकूर मागून! रास्मुस लेरडॉर्फने १९९४ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळासाठी जी छोटी साधनं लिहिली, त्यांतून पुढे पीएचपी ही भाषा घडली. मागणी आली की मजकूर घडवणं हेच तिचं काम. महाभूलेखच्या पत्त्यात दिसणारं ‘एएसपीएक्स’ मायक्रोसॉफ्टच्या घरचं, कामाची रीत तीच.

म्हणून मी ‘हुकमी पान’ सुचवतो. पत्त्यांतलं हुकमाचं पान आठवलं तरी बिघडत नाही, सामर्थ्य तिथेही आहेच. अरबी ‘हुक्म’ मराठीत इतका मुरलाय की ‘बरहुकूम’ म्हणताना त्याचं परकेपण जाणवतही नाही.

‘उतारा’ मात्र बदलायला नको. मूळ दप्तरात ठेवून त्यावरून उतरवून घेतलेलं ते उतारा, आणि सर्व्हर नेमकं तेच करतो. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या फोनवरून भाताची नोंद करतो. ती नमुना बारात गेली की पुढच्या उताऱ्यात उतरते.