‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ : एका नियमाचा जन्म

इंग्रजीत ज्या शब्दांची हमखास गल्लत होते, त्यांत ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ या ‘कमी’ अर्थाच्या जोडीचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी ‘फ्यूअर’ आणि इतरांसाठी ‘लेस’, हा शाळांतून शिकवला जाणारा दंडक फार जुना नाही. नवव्या शतकातील राजा आल्फ्रेडच्या काळापासून, म्हणजे जुन्या इंग्रजीच्या अवस्थेपासून, ‘लेस’ दोन्हींसाठी चालत असे. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर यांनी आपल्या इंग्रजी भाषाविषयक पुस्तकात, ‘शंभराहून कमी नाहीत’ अशा वाक्यात ‘फ्यूअर’ अधिक डौलदार व काटेकोर वाटतो, असे वैयक्तिक मत नोंदवले आणि पुढील काळात त्या पसंतीलाच नियमाचे रूप आले. म्हणून अशा गल्लतीला अज्ञान ठरवण्यापूर्वी नियमाची वंशावळ तपासणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्यच ठरते.